वाकडा फोटो सरळ करायचा, पण कुठल्या रेघेच्या भरवशावर?

मालवणच्या किनाऱ्यावरून काढलेले सिंधुदुर्ग किल्ल्याचे फोटो बघा, बऱ्याच जणांचा समुद्र एका बाजूला सांडत असतो. होडी सुटायची घाई, मोबाईल एका हातात, स्क्रीनवर ऊन, आणि घरी येऊन बघावं तर क्षितिज डावीकडून उजवीकडे उतरलेलं. असा फोटो सरळ कसा करायचा ते इथे नीट सांगतो. मुख्यतः गिम्पमध्ये, कारण ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि एकदा त्यात कळलं की बाकी सॉफ्टवेअरमध्ये तीच गोष्ट वेगळ्या नावाने सापडते. फोटोशॉप, लाइटरूम आणि मोबाईलचंही पुढे आहे.

फोटो फिरवणं हे काही सेकंदांचं काम आहे, त्यात काही मोठं नाही. डोकं लावायचं ते त्याच्या आधी, म्हणजे फोटोतली कुठली रेघ खरोखर आडवी किंवा खरोखर उभी आहे ते ठरवताना. चुकीची रेघ धरली की सॉफ्टवेअर इमानेइतबारे फोटो आणखी वाकडा करून देतं आणि मग आपण म्हणतो टूलच बेकार आहे.

आधी वाकडेपणा कुठला ते ओळखा

फोटो तीन तऱ्हेने वाकडा होतो. एक म्हणजे कॅमेरा डावी-उजवीकडे कलला, त्यामुळे अख्खा फोटोच फिरला. दुसरं, कॅमेरा वर किंवा खाली रोखला, त्यामुळे इमारतीच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. तिसरं लेन्सचं, म्हणजे जी रेघ सरळ असायला हवी तीच धनुष्यासारखी वाकते, वाइड लेन्सवर हे जास्त. ओळखायची सोपी पद्धत अशी की फोटोच्या डाव्या कडेजवळची एक उभी रेघ बघा आणि उजव्या कडेजवळची एक बघा. दोन्ही एकाच बाजूला सारख्याच झुकल्यात तर नुसतं फिरवायचं काम आहे. दोन्ही आतल्या बाजूला झुकल्यात तर पर्स्पेक्टिव्ह. रेघच वाकलीय तर लेन्स.

बऱ्याचदा यातले दोन एकत्र असतात, तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी लेन्स, मग फिरवणं किंवा पर्स्पेक्टिव्ह, आणि क्रॉप, म्हणजे कडा कापणं, सगळ्यात शेवटी. क्रॉप आधी करून बसलात तर फिरवल्यावर कोपऱ्यात परत रिकाम्या जागा येतात आणि परत क्रॉप करावा लागतो, फोटो उगाच झिजतो. शिवाय लेन्सची दुरुस्ती फोटोच्या मध्याला धरून होते, क्रॉपने तो मध्यच सरकतो.

खरी रेघ कशी शोधायची

आपला सिंधुदुर्गाचाच फोटो घ्या. त्यात रेघा भरपूर आहेत: किल्ल्याच्या तटाची वरची कड, पुढच्या होडीची डोलकाठी, वाळूवर लाट जिथे संपते ती फेसाची रेघ, आणि किल्ल्याच्या दोन्ही बाजूंना मागे दिसणारं समुद्राचं क्षितिज. यातली भरवशाची एकच, क्षितिजाची. तट आत-बाहेर वळत जातो, कुठे जवळ येतो कुठे लांब जातो, त्यामुळे त्याची वरची कड फोटोत सपाट दिसेलच असं नाही. डोलकाठी होडीबरोबर हलते, ज्या क्षणी तुम्ही क्लिक केलं तेव्हा ती कुठे होती देव जाणे. आणि फेसाची रेघ तर तिरकीच असते, कारण किनारा आपल्यापासून तिरका लांब जातोय.

हा शेवटचा मुद्दा फार जणांना फसवतो. पाणी सपाट असतं म्हणून पाण्याची कड फोटोत आडवी असणार असं वाटतं, पण तसं नाही. रंकाळ्यावर उभं राहून समोरचा काठ अगदी समोरासमोर असेल तर तो जवळपास आडवा दिसतो, पण काठ तुमच्यापासून तिरका लांब जात असेल तर लांबचं टोक फोटोत वर सरकतं आणि कॅमेरा अगदी लेव्हलला धरला असला तरी काठ कललेला दिसतो. तो आडवा करायला गेलात की बाजूच्या सगळ्या इमारती पडायला लागतात. मरीन ड्राइव्हच्या फोटोत तर किनाऱ्याची कमानच आहे, तिथे फक्त लांबचं क्षितिज धरा.

तळ्याच्या फोटोत त्यापेक्षा चांगली युक्ती आहे, प्रतिबिंब. स्थिर पाण्यात एखादा दिवा किंवा झाडाचा शेंडा आणि त्याचंच पाण्यातलं प्रतिबिंब, हे दोन बिंदू जोडणारी रेघ उभी असते. फोटोच्या मधोमध अशी जोडी सापडली तर डोळे झाकून धरा.

क्षितिज नाही, पाणी नाही, मग उभ्या रेघा. इथे फोटोच्या मध्याजवळची उभी रेघ घ्यायची, कडेची नाही, कारण कॅमेरा जरा जरी वर रोखला असेल तर कडेच्या रेघा झुकलेल्याच असतात आणि मधली तेवढी शाबूत राहते. गवंडी ओळंबा सोडून भिंत बघतो तसं फोटोत आपोआप लटकलेलं काही आहे का बघा: देवळातल्या घंटेची साखळी, छताचा पंखा, मांडवातलं झुंबर. वारा नसेल तर याच्याइतकं खरं काही नाही. दीपमाळ असेल तर जपून, ती वर निमुळती होत जाते त्यामुळे तिची कड उभी नसतेच, तिच्या पायथ्याचा मध्य आणि टोकाचा मध्य जोडायचा. झाडं, रस्त्याकडेचे जुने खांब, कुंपणाच्या पट्ट्या यांच्यावर अजिबात जाऊ नका.

डोंगराच्या फोटोत डोंगराची धार म्हणजे क्षितिज नव्हे, ती कशीही उतरते. पण सह्याद्रीत एक सोय आहे, आपले कडे लाव्हाच्या एकावर एक थरांचे बनलेले आहेत आणि लांबून ते थर बऱ्यापैकी आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. कडा समोरून दिसत असेल तर या पट्ट्या नंतर ताळा करायला चांगल्या, पण मुख्य माप म्हणून नको. आणि जेजुरीच्या पायऱ्यांवरचा किंवा गडाच्या उतारावरचा ग्रुप फोटो असेल तर जमिनीकडे बघूच नका, माणसं सरळ उभी दिसायला हवीत, उतार उतारच राहू दे.

गिम्पमध्ये फिरवणं

मूळ फाइलची कॉपी करून घ्या आणि कॉपीवर काम करा. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर पाठवणाऱ्याला तो डॉक्युमेंट म्हणून परत पाठवायला सांगा, नाहीतर आधीच दाबून बारीक केलेल्या फोटोवर मेहनत करत बसाल. गिम्पमध्ये उघडताना कधीकधी विचारतं की फोटो फिरवू का, कारण कॅमेरा आडवा धरला की उभा याची नोंद फाइलमध्ये असते. त्याला हो म्हणा. हे नव्वद अंशांचं फिरवणं, आपल्या वाकडेपणाशी त्याचा संबंध नाही आणि त्याने फोटो धूसरही होत नाही.

आता मेझर टूल घ्या, टूल्स मेनूत आहे, किंवा शिफ्ट दाबून एम. हे टूल खरं तर अंतर आणि कोन मोजायचं, पण गिम्प २.१० च्या मालिकेत याला स्ट्रेटन नावाचं बटण आलं आणि तेव्हापासून वाकड्या फोटोसाठी हाच सगळ्यात सरळ रस्ता आहे. क्षितिजाच्या डाव्या टोकावर क्लिक करून धरून ठेवा, उजव्या टोकापर्यंत ओढा आणि सोडा. रेघ जितकी लांब तितकं माप चांगलं. मधल्या मध्ये इंचभर रेघ ओढून कोन काढलात तर दोन-चार पिक्सेलची चूकसुद्धा महागात पडते, टोकापासून टोकापर्यंत ओढली तर तीच चूक दिसतही नाही. कल्पना यावी म्हणून, ४००० पिक्सेल रुंद फोटोत एक अंश कल म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सुमारे ७० पिक्सेलचा फरक.

रेघ ओढून झाली की कंट्रोल आणि माउसचं चाक वापरून झूम करा आणि दोन्ही टोकं नीट क्षितिजावर बसलीत का बघा. टोक पकडून हलवता येतं, परत नव्याने काढायची गरज नाही. क्षितिजावर धुकं असेल, आणि कोकणात संध्याकाळी ते असतंच, तर पाण्याचा रंग जिथे ठाम बदलतो ती जागा दोन्ही टोकांना सारखीच निवडा.

आता स्ट्रेटन दाबायच्या आधी टूल ऑप्शन्सकडे बघा. ओरिएंटेशन ऑटोवर असेल तर रेघ आडवी करायची की उभी ते गिम्प स्वतः ठरवतं, जिकडे जास्त जवळ असेल तिकडे. इंटरपोलेशन, म्हणजे फिरवल्यावर पिक्सेलचा रंग नव्याने काढायची पद्धत, क्यूबिक किंवा नोहेलो ठेवा, नन ठेवलंत तर सगळ्या तिरक्या कडा दातेरी होतील. क्लिपिंगमध्ये ॲडजस्ट ठेवलं तर फिरवलेला फोटो पूर्ण राहतो आणि चार कोपरे रिकामे दिसतात, क्रॉप विथ आस्पेक्ट ठेवलं तर गिम्प स्वतःच रिकामे कोपरे कापून मूळच्याच प्रमाणात फोटो देतं. मला ॲडजस्टच आवडतं. किल्ल्याचा बुरूज कडेला असला आणि गिम्पने तो आपल्या मनाने कापला तर काय फायदा, कुठून कापायचं ते आपण ठरवावं.

स्ट्रेटन दाबा. क्षितिज लेव्हलला आलं. आता वरच्या पट्टीवरून, म्हणजे रूलरवरून, माउसने एक गाइड, म्हणजे मदतीची सरळ रेघ, ओढून क्षितिजावर आणा आणि दोन्ही बाजूंना ताळा करा. जरासा कल राहिला असेल तर तिथल्या तिथे परत थोडं फिरवायचा मोह होतो, ते करू नका. कंट्रोल-झेड मारा, रेघ दुरुस्त करा आणि एकदाच फिरवा. कारण फोटो नव्वद अंशांखेरीज कितीही फिरवला तरी प्रत्येक पिक्सेलचा रंग शेजारच्यांवरून नव्याने काढला जातो आणि तपशील जरासा मऊ होतो. दोन अंश, मग अर्धा, मग उलट पाव असं तीन वेळा केलंत की तटाचे चिरे पुसट झालेले दिसतील.

ज्या फोटोत एकही धड लांब रेघ नाही पण बऱ्याच बारीक बारीक आहेत, उदाहरणार्थ वाड्याचं दर्शनी तोंड, तिथे रोटेट टूल बरं, शिफ्ट-आर. त्यात डायरेक्शन करेक्टिव्ह करा आणि गाइड्समधून नंबर ऑफ लाइन्स निवडा, म्हणजे फोटोवर जाळी येते. मग फोटो फिरत नाही, वरची जाळी फिरते. जाळी खांबांना आणि कडीपाटाला समांतर होईपर्यंत फिरवा आणि रोटेट दाबा, फोटो उलट दिशेने तेवढाच फिरून सरळ होतो. पहिल्यांदा विचित्र वाटतं पण हात बसला की झकास आहे.

कोपरे आणि किती जागा जाते

फिरवल्यावर कडा कापाव्या लागतातच आणि त्याचा हिशोब आधी माहीत असलेला बरा. मोबाईलच्या नेहमीच्या ४:३ फोटोत तेच प्रमाण ठेवून कापलं तर एक अंशाला फोटोचं साधारण साडेचार टक्के क्षेत्र जातं, दोन अंशांना साडेआठ, तीन अंशांना बारा, पाच अंशांना एकोणीस. दहा अंश वाकडा असेल तर जवळपास एक तृतीयांश फोटो गेला. म्हणून कडेला उभी असलेली मावशी दोन अंशांत वाचते, पाच अंशांत तिचा अर्धा खांदा जातो.

क्रॉप टूल शिफ्ट-सी ने घ्या, फिक्स्डमध्ये आस्पेक्ट रेशो, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, टिक करा म्हणजे प्रिंट काढताना लफडं नको, आणि चारही कोपरे फोटोच्या आत येतील असा चौकोन ओढा. कोपऱ्यांत चौकडीचा बॅकग्राउंड कुठे डोकावत नाही ना ते झूम करून बघा. कोपऱ्यात नुसतं आकाश किंवा वाळू असेल तर कापण्याऐवजी क्लोन टूलने भरूनही काढता येतं, कंट्रोल दाबून शेजारच्या वाळूवर क्लिक करायचं आणि रिकाम्या जागेवर रंगवायचं. आकाशात हे पटकन जमतं, वाळूवर पावलांचे ठसे असतील तर तेच तेच ठसे परत उमटून भांडं फुटतं, त्यामुळे क्लोनची जागा दर थोड्या वेळाने बदला. कोपऱ्यात चेहरा, अक्षरं किंवा भिंतीच्या विटा असतील तर या भानगडीत पडू नका, कापा.

इमारत मागे पडतेय तेव्हा

गेट वे ऑफ इंडिया २६ मीटर उंच आहे, समोरच्या चौकातून अख्खं फोटोत घ्यायचं तर कॅमेरा वर रोखावाच लागतो आणि मग दोन्ही बाजूंचे मनोरे आत झुकतात, अख्खी वास्तू मागे रेललेली वाटते. हे फिरवून जाणार नाही, एक मनोरा सरळ केला की दुसरा दुप्पट झुकतो.

गिम्पमध्ये पर्स्पेक्टिव्ह टूल घ्या, शिफ्ट-पी, डायरेक्शन नॉर्मल. आधी डाव्या रूलरवरून दोन उभ्या गाइड ओढून मनोऱ्यांच्या पायथ्याच्या बाहेरच्या कडांवर ठेवा. मग फोटोचे वरचे दोन कोपरे पकडून बाहेर ओढा, मनोऱ्यांच्या कडा गाइडला समांतर होईपर्यंत. खालचे कोपरे हलवू नका. वास्तू आता जरा बुटकी, पसरट दिसेल, तेव्हा वरचे दोन्ही कोपरे थोडे वरही ओढा. आणि माझं मत विचाराल तर शंभर टक्के समांतर करू नका. एवढ्या जवळून वर बघताना कडा थोड्या जवळ येणं डोळ्याला सवयीचं असतं, अगदी काटकोनात आणली तर वरचा भाग फुगून अंगावर आल्यासारखा वाटतो. ऐंशी टक्क्यांवर थांबा. यात दोन्ही बाजूंचं बरंच कापलं जातं, म्हणून अशा वास्तूचा फोटो काढतानाच चार पावलं मागे जाऊन भोवती मोकळी जागा सोडा.

लेन्सचा बाक असेल तर फिल्टर्समध्ये डिस्टॉर्ट्स, त्यात लेन्स डिस्टॉर्शन, आणि मेन नावाचा स्लायडर हळूच हलवत क्षितिज सपाट करा. स्लायडर फार लांब न्यायची वेळ बहुतेक येत नाही.

जुन्या अल्बममधले फोटो

लग्नाच्या जुन्या अल्बममधला फोटो मोबाईलने काढताना ट्यूबलाइटची चकाकी टाळायला आपण मोबाईल तिरका धरतो आणि फोटो आयताच्या ऐवजी समलंब चौकोन येतो. इथे पर्स्पेक्टिव्ह टूलच, पण डायरेक्शन करेक्टिव्ह आणि क्लिपिंग क्लिप. चार हँडल जुन्या फोटोच्या चार कोपऱ्यांवर नेऊन बसवा आणि ट्रान्सफॉर्म दाबा, अल्बमचं काळं पान बाहेर जातं आणि फक्त फोटो पूर्ण चौकटीत पसरतो.

आता एक गोष्ट हमखास राहून जाते. असं केल्यावर फोटोला मोबाईलच्या फोटोचं प्रमाण मिळतं, अल्बममधल्या फोटोचं नाही, त्यामुळे आजोबा एकदम रुंद किंवा एकदम किडकिडीत दिसायला लागतात. पट्टी घेऊन खरा फोटो मोजा. समजा तो ६ बाय ४ इंचांचा आहे, तर इमेज मेनूत स्केल इमेज उघडा, रुंदी-उंचीमधली साखळी तोडा आणि १८०० बाय १२०० भरा, म्हणजे ३०० डीपीआयला, इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने, बरोबर तेवढाच प्रिंट निघतो. जुने फोटो बऱ्याचदा भलत्याच मापाचे असतात, म्हणून अंदाज नको, मोजाच.

बाकीची सॉफ्टवेअर

फोटोशॉपमध्ये क्रॉप टूल घेतलं की वरच्या पट्टीत स्ट्रेटन दिसतं, ते घेऊन क्षितिजावर रेघ ओढा, झालं. मात्र डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्सवरची टिक काढून ठेवा, म्हणजे कापलेला भाग फाइलमध्ये राहतो आणि पीएसडी म्हणून सेव्ह केली तर उद्या मत बदललं तरी परत मिळतो. कोपरे आपोआप भरून द्यायची कंटेंट-अवेअर सोयही तिथेच आहे, आकाशाला उत्तम, माणसांना नको.

लाइटरूममध्ये इमारतींसाठी अपराइट बघा, त्यातलं गाइडेड. फोटोवर आपण स्वतः दोन ते चार रेघा ओढायच्या की ही उभी आहे, ही आडवी आहे. ऑटोपेक्षा हे शंभरपट बरं, कारण ऑटोला तट आणि क्षितिज यातलं खरं कोण ते कळत नाही.

मोबाईलवर स्नॅपसीडमध्ये रोटेट उघडलं की ते स्वतःच अंदाजाने फोटो सरळ करतं, पटलं नाही तर बोट फिरवून दुरुस्त करा. पर्स्पेक्टिव्ह टूलही त्यात आहे. गुगल फोटोजमध्ये एडिटमध्ये क्रॉपला जाऊन खालची मोजपट्टी सरकवायची. आयफोनच्या फोटोज ॲपमध्ये क्रॉपमध्येच सरळ करणं, उभा कल आणि आडवा कल असे तीन वेगळे स्लायडर आहेत. नुसतं स्टेटसला टाकायचं असेल तर मोबाईल पुरे, भिंतीवर लावायचा असेल तर कॉम्प्युटरवर या.

सेव्ह करताना

गिम्पमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची फाइल तयार होते, ती कुणाला पाठवू नका, ती आपल्याजवळ ठेवायची. पाठवायला किंवा प्रिंटला एक्सपोर्ट, कंट्रोल-शिफ्ट-ई, जेपीईजी, क्वालिटी ९० च्या आसपास. ओव्हरराइट नावाचा पर्याय मेनूत दिसेल, तो मूळ फाइलवरच लिहितो, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि एकाच सहलीचे पुष्कळ फोटो असतील तर सगळे एकाच कोनात फिरवायच्या शॉर्टकटच्या मागे लागू नका, प्रत्येक फोटोला हात वेगळा कललेला असतो. आधी जे ठेवायचे तेवढे निवडा, मग एकेकावर रेघ ओढा.